विलायती धर्ममार्तंड

आळंदीत राहणाऱ्या एका शाळामास्तराने दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे एका इंग्रज बिशपची हकीकत वाढून ठेवावी, याचे कुणालाही नवल वाटेल. परंतु त्याला कारण आहे. धर्ममार्तंड म्हणजे काय, हे आमच्या गावाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि त्यांच्या पोरक्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली, अशी परंपरागत कथा आहे. ती ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे धर्ममार्तंड म्हटला की डोळ्यांपुढे शेंडी, उपरणे आणि हातातली पोथी उभी राहते. अशी कोणतीही खूण अंगावर नसलेला एक धर्ममार्तंड मुंबईच्या कोटात एकवीस वर्षे नांदला आणि त्याची गाठ एका मराठी विदुषीशी पडली, ती कथा मला आज सांगायची आहे.

त्यांचे नाव लुई जॉर्ज माइल्न. जन्म १८४३ सालचा, पॅरिसमधला. ऑक्सफर्डला शिक्षण झाले आणि पुढे तेथल्याच केबल कॉलेजात ते अध्यापक झाले. १८७६ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांना मुंबईचे बिशप नेमण्यात आले. मुंबईला इंग्लंडच्या चर्चचा स्वतंत्र बिशप मिळाला तो १८३७ साली. त्या मालिकेतले हे चौथे. कोटातले १७१८ साली उघडलेले सेंट थॉमस चर्च हे त्यांचे मुख्य मंदिर. कोटाच्या तटबंदीला या चर्चच्या रोखाने जो दरवाजा होता, त्याचेच नाव आजच्या चर्चगेट स्टेशनला चिकटलेले आहे. रोज तेथे उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी कितीजणांना हे माहीत असेल, कोण जाणे!

माइल्नसाहेब ज्या कॉलेजातून आले, त्याला जॉन केबल या धर्मोपदेशकाचे नाव दिलेले होते. १८३३ साली ऑक्सफर्डमध्ये एक चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रणींपैकी हा केबल. चर्च म्हणजे काही सरकारी खाते नव्हे, असे या मंडळींचे म्हणणे होते. येशूच्या पहिल्या शिष्यांनी ज्यांच्या मस्तकावर हात ठेवला, त्यांनी पुढच्यांच्या मस्तकावर ठेवला, आणि अशा अखंड साखळीने तो अधिकार आजच्या बिशपापर्यंत आला, अशी त्यांची श्रद्धा होती. आळंदीकराला हे समजायला जड नाही. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही गुरुपरंपरा आमच्या तोंडपाठ असते. तेव्हा बिशपची आज्ञा पाळणे म्हणजे साहेबाची हांजी हांजी नव्हे, तो धर्मच होय, असे माइल्नसाहेब मनापासून मानीत असले तर त्यात दांभिकपणा नव्हता. त्यांना समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी ध्यानात ठेवली पाहिजे.

ते आले त्याच साली दख्खनवर दुष्काळाची धाड पडली. पुण्यात ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील पाद्री-संन्याशांचा संघ नुकताच रुजत होता, आणि वाँटेज गावच्या मठातल्या सिस्टरही आल्या होत्या. पंचहौद मिशनचे नाव झाले ते याच मंडळींमुळे. माइल्नसाहेबांनी हा सारा संसार १८९७ पर्यंत सांभाळला. मायदेशी परतल्यावर १९०८ साली त्यांनी हिंदूंमधील मिशनकार्यावर एक पुस्तक लिहिले. गावोगाव धावत बी फेकीत जाण्यापेक्षा थोड्या ठिकाणी पाय रोवून खोल काम करावे, असा त्यात त्यांचा आग्रह आहे. जातिसंस्थेवर तर कडक टीका आहे. म्हणजे गृहस्थ विचारी होते, कष्टाळू होते. संख्येवर भुलणारे नव्हते. १९२१ साली ते वारले.

आता दुसऱ्या बाजूला वळू. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले. त्या काळी हा केवढा गुन्हा! शास्त्रीबुवांना पंडितांच्या सभेपुढे उभे राहून, स्त्रीने शिकण्याला शास्त्राची आडकाठी नाही, हे ग्रंथांच्या आधाराने सिद्ध करावे लागले. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई आईजवळच संस्कृत शिकल्या. आईबाप गेल्यावर भावाबरोबर पायी देश हिंडत, पुराण सांगत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तेथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला, मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ साली वैधव्य आले. पुण्यात आर्य महिला समाज काढून बाई १८८३ साली विलायतेला गेल्या. तेथे वाँटेजला २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली, ते सांगायला नकोच.

पुढे रमाबाई चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात राहिल्या. तेथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील या खंबीर बाई. रमाबाईंची विद्वत्ता वाया जाऊ नये म्हणून त्यांनी इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला. एवढीशी गोष्ट, पण तिने मुंबई आणि लाहोर या दोन ठिकाणच्या बिशपांची झोप उडवली. लाहोरचे बिशप टॉमस व्हॅल्पी फ्रेंच आणि मुंबईचे आपले माइल्नसाहेब, दोघांचाही विरोध. सूर एकच: तरुण विधवेने पुरुषांना शिकवणे बरे नव्हे. हिंदुस्थानात हे कळले तर तिच्या नावाला बट्टा लागेल, आणि पुढे स्वदेशी जाऊन ती जे काम करणार तेही फुकट जाईल!

ही सारी पत्रे रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक विधवा परमुलखात, परक्यांच्या अन्नावर, कडेवरच्या मुलीसह राहते आहे, आणि बिशपांच्या आज्ञेला उत्तर देते आहे, हे चित्र त्यांतून दिसते. बाईंच्या उत्तराचा आशय असा: माझ्या आईने पुरुषांना शिकवले, मी शिकवले, त्याला ना माझ्या बापाने हरकत घेतली, ना माझ्या नवऱ्याने, मग इंग्रजांनी ती घ्यावी, याचे आश्चर्य वाटते. आणि दुसरे असे, की मोठ्या मिनतवारीने मी आपल्या देशातल्या भटशाहीचे जू मानेवरून काढले आहे, ते दुसऱ्या कुणाचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. माझ्या सदसद्विवेकाची जबाबदारी माझ्यावर आहे.

सिस्टर जेराल्डिनना हा बाईंचा अहंकार वाटला. बिशपांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मला या प्रकरणात सर्वांत लक्षणीय वाटते ती माइल्नसाहेबांनी पुढे केलेली ढाल. त्यांनी बायबलापेक्षा हिंदुस्थानच्या लोकमताचाच धाक जास्त घातला. ज्या रूढींवर पुढे त्यांनी पुस्तकात कोरडे ओढले, त्याच रूढींचा आधार त्यांना एका स्त्रीला अडवताना घ्यावा लागला. बरे, तो आधार तरी पक्का होता काय? कलकत्त्याच्या पुरुष पंडितांनी याच बाईला पुढे बसवून तिचे संस्कृत ऐकले होते आणि मान डोलावली होती. आमच्या आळंदीत तर बिशपसाहेबांना कुणीही वारकऱ्याने सांगितले असते की, योगबळाच्या तोऱ्यात आलेल्या वयोवृद्ध चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईला, एका पोरसवदा मुलीला. ज्ञानदेवांनी चालवलेली म्हणून दाखवतात ती भिंत अजून गावात आहे. तिच्या कथेत या मुलीचा मान भावांइतकाच आहे. हिंदुस्थानला काय रुचेल, हे ठरवताना साहेबांनी इथल्या शास्त्र्यांचा हिंदुस्थान पाहिला, मुक्ताबाईचा पाहिला नाही.

अर्थात केवळ साहेबांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्यांच्याच कारकिर्दीत, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. गोपाळराव जोशी या वल्ली गृहस्थाने त्यांची नावे छापून आणली, आणि एका चहाच्या पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि १८९२ साली रानड्यांसारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतले. तेव्हा लोकमताची जी भीती माइल्नसाहेब सांगत होते, ती अगदीच हवेतली नव्हती. चूक होती ती इतकीच, की त्या भीतीपुढे मान तुकवण्याची शिकवण त्यांनी अशा बाईला दिली, जिचे सारे घराणेच त्या भीतीला सामोरे गेले होते.

रमाबाईंनी १८८६ च्या फेब्रुवारीत इंग्लंड सोडले आणि त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो सोहळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्यात आणले. धर्मप्रसाराच्या आरोपावरून १८९३ साली तेथे वादळ झाले, आणि अनेक हिंदू सुधारकांनीही अंग काढून घेतले. बाई केडगावला गेल्या आणि मुक्तिसदन उभारले. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तेथे विणायला, शेती करायला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. उतारवयात बाईंनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून साऱ्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा हे काम हातावेगळे झाले होते. ज्यांना तरुणांना भाषा शिकवण्याचीही मोकळीक मिळेना, त्यांनी अखेर धर्मग्रंथच आपल्या भाषेत आणून सर्वांच्या हाती दिला, मग वाचणारा पुरुष असो की स्त्री.

काळाने पुढे काय केले, तेही सांगतो. १९४७ साली दक्षिणेत आणि १९७० साली उत्तरेत जुनी इंग्रजी चर्चे इतर पंथांबरोबर संयुक्त भारतीय चर्चांत विलीन झाली. मुंबईचे सेंट थॉमसही त्यांतलेच एक. २०१३ साली, म्हणजे रमाबाईंच्या दीक्षेनंतर बरोबर १३० वर्षांनी, आंध्रातल्या नंद्याळला पुष्पा ललिता या बाई दक्षिण भारताच्या चर्चच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. खुद्द इंग्लंडच्या चर्चला पहिली स्त्री-बिशप मिळाली ती त्यानंतर, २०१५ साली! हिंदुस्थान काय म्हणेल, अशी चिंता माइल्नसाहेबांना पडली होती; त्याला हिंदुस्थानाने दिलेले हे उत्तर विलायतेच्याही दोन वर्षे आधीचे आहे.

माइल्नसाहेब दुष्ट नव्हते. एका स्त्रीचे भले कशात आहे, ते तिच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत पैठणच्या शास्त्र्यांची होती, पुण्याच्या ग्रामण्यवाल्यांची होती, आणि आज दिव्यांच्या उजेडात फराळाला बसलेल्या आपल्यापैकी कित्येक घरांतही ती असते. मुलीने काय शिकावे, कुठे नोकरी धरावी, कुणाला शिकवावे, हे ठरवताना 'लोक काय म्हणतील' हे वाक्य आपल्याही तोंडी येते. ते आले की अनंतशास्त्र्यांची आणि त्यांच्या लेकीची आठवण करावी. बापाने एका सभेला उत्तर दिले, लेकीने दोन बिशपांना दिले. उत्तर देण्याची सवय त्या घरात बापाने लावली होती.