राजाजींची सुधारित प्राथमिक शिक्षण योजना (१९५३) : निधी, परंपरा आणि विरोध

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील शैक्षणिक धोरणांच्या इतिहासात मद्रास राज्याच्या १९५३ मधील ‘सुधारित प्राथमिक शिक्षण योजने’चा उल्लेख बहुधा एक फसलेला प्रयोग म्हणून होतो. तिचे प्रवर्तक मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी, अर्थात राजाजी, हे काँग्रेसमधील परंपरावादी विचारांचे अग्रणी. पुढे १९५९ मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्षाची स्थापना केली. अपुऱ्या निधीत शिक्षणाचा विस्तार कसा साधावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न खरा होता. त्याला त्यांनी दिलेले उत्तर का नाकारले गेले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

आर्थिक पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत सुचविली होती. इमारती व शिक्षक मात्र अपुरे होते. शिवाय मद्रासच्या तिजोरीचे एक मोठे साधन आधीच आटले होते. राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात सुरू केलेली दारूबंदी १९४८ पर्यंत संपूर्ण प्रांतात लागू झाली आणि अबकारी उत्पन्न बुडाले. ही तूट भरून काढण्यासाठी त्यांच्याच मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये विक्रीकर आणला होता. म्हणजेच शिक्षणासाठी जाणवणारी चणचण ही केवळ दारिद्र्यातून उद्भवलेली नव्हती. काही अंशी ती धोरणात्मक निवडीचीही परिणती होती, हे लक्षात घ्यावे लागते.

योजनेचे स्वरूप

ग्रामीण प्राथमिक शाळेची दैनंदिन वेळ तीन तासांवर आणून त्याच इमारतीत त्याच शिक्षकांनी दोन सत्रांत दोन तुकड्या शिकवाव्यात, ही योजनेची पहिली बाजू. फारसा नवा खर्च न करता अधिक मुलांना सामावून घेण्याचा हा उपाय होता. दुसरी बाजू अशी की, उरलेल्या वेळात मुलांनी घरी वडिलांचा व्यवसाय शिकावा आणि मुलींनी आईकडून गृहकृत्ये शिकावीत.

या दुसऱ्या बाजूला गांधीजींच्या विचारांचा आधार असल्याचे समर्थक मानीत. परंतु १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीममध्ये हस्तोद्योग शाळेच्या आत होता. तो जातीनिरपेक्ष होता आणि अध्यापनाचे माध्यम होता. राजाजींच्या योजनेत तो शाळेबाहेर, पित्याच्या घरी गेला. जेथे व्यवसाय जन्माने ठरत असे, त्या समाजात या स्थलांतराचा अर्थ सरळ होता.

विरोध व विधिमंडळ

योजना अमलात आणण्यापूर्वी विधिमंडळाला विश्वासात घेतले गेले नाही. पेरियार रामस्वामी आणि द्रविड मुन्नेत्र कळघम यांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळानुसार शिक्षण, असे नाव दिले. जुलै १९५३ मधील द्रमुकच्या त्रिमुखी आंदोलनाचा हा एक प्रमुख विषय होता. त्याच महिन्यात योजना रद्द करण्याच्या ठरावावर विधानसभेत १३८ विरुद्ध १३८ अशी समसमान मते पडली आणि ठराव बारगळला. मात्र योजना स्थगित करून तज्ज्ञ समितीकडे सोपवावी, हा ठराव १३९ विरुद्ध १३७ मतांनी संमत झाला.

या समितीचे अध्यक्षपद मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांच्याकडे आले. साक्षरतेच्या जलद विस्ताराचा पुरस्कार ते १९३० च्या दशकापासून करीत होते. त्यांच्या समितीने नोव्हेंबर १९५३ मध्ये योजनेला अनुकूल अहवाल दिला. तथापि तज्ज्ञांच्या संमतीने जनमत बदलले नाही. काँग्रेस पक्षातही असंतोष वाढला. एप्रिल १९५४ मध्ये राजाजी पायउतार होऊन कामराज मुख्यमंत्री झाले आणि मे महिन्यात योजना मागे घेण्यात आली. कामराजांनी पुढे शाळांचा विस्तार केला व १९५६ मध्ये मध्यान्ह भोजन सुरू केले.

निष्कर्ष

दोन सत्रांची शाळा ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली गेली असती, तर तिच्या गुणदोषांची चर्चा शांतपणे झाली असती, असे परुळेकर समितीच्या अहवालावरून म्हणता येते. राजाजींनी तिची सांगड पितृव्यवसायाशी घातली. त्यामुळे काटकसरीचा उपाय समाजरचना टिकविण्याचे साधन ठरला. त्यांचा हेतू जातीय नव्हता असे गृहीत धरले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच : निधी अपुरा असताना शाळेचे तास कोणाचे कमी करावयाचे? १९५३ मध्ये ते खेड्यातील मुलांचे कमी झाले. शहरी शाळांची वेळ पूर्ववत राहिली. ज्या घरात अक्षरज्ञान नव्हते, त्या घरातील मुलाला शाळेबाहेर ते मिळण्याची दुसरी सोय नव्हती. शैक्षणिक अंदाजपत्रकातील प्रत्येक कपातीचे मूल्यमापन करताना हाच निकष प्रथम लावावा, हा या इतिहासाचा बोध होय.