घाशीराम कोतवाल

विजय तेंडुलकर यांचे उत्तर पेशवाईच्या पार्श्वभूमीवरील संगीतप्रधान मराठी नाटक. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांची भूमिका मोहन आगाशे यांनी गाजवली.

कनोजहून पुण्यात आलेल्या घाशीरामावर चोरीचा आळ येतो आणि तो अपमानित होतो. सूडापोटी तो आपली मुलगी गौरी नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो, शहर छळतो आणि गरज सरताच नाना त्याला जमावापुढे टाकतात. खरा घाशीराम १७९१ मध्ये पुण्यातच जमावाच्या हातून मारला गेला. तरी आपण इतिहास लिहिलेला नाही, असे तेंडुलकरांनी स्पष्ट केले होते.

नाटकाचा खरा नायक म्हणजे रंगमंचावर ओळीने उभे राहून गाणारे, डोलणारे ब्राह्मण. हीच माणसांची भिंत पडदा होते, वाडा होते, गर्दीही होते. आडोशाचा व्यवहार सुरू झाला की ती प्रेक्षकांकडे पाठ फिरवते. सगळे ठाऊक असून न पाहणाऱ्या समाजाचे इतके नेमके दृश्य मराठी रंगभूमीवर क्वचितच दिसले असेल. कोकणातल्या ‘खेळे’ या लोकनाट्याचा हा वारसा. जुन्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथा थांबे; इथे कीर्तन आणि लावणी एकमेकांना खेटून येतात आणि त्या लगटीतूनच सत्तेचा दंभ उघडा पडतो.

समूहगानाला असे मध्यवर्ती स्थान देणारी जवळची परदेशी कृती म्हणजे मुसोर्गस्कीचा ‘बोरिस गदुनोव’ (पहिला प्रयोग १८७४) हा रशियन ऑपेरा. त्यातही इतिहासाने सिद्ध न केलेला खून राज्यकर्त्याच्या माथी आहे.

नाना फडणवीसांची आणि ब्राह्मणांची बदनामी होते, या आक्षेपावरून पुण्यात वादळ उठले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. नाटक टिकले ते या हट्टामुळे. १९८० मध्ये विरोधाला तोंड देत ते युरोपात गेले. वसंत देव यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. १९७६ मध्ये त्यावर आलेल्या चित्रपटात ओम पुरी घाशीराम झाले.