थिसलगॉर्म
थिसलगॉर्म : तांबड्या समुद्रात बुडालेले ब्रिटिश मालवाहू जहाज व स्कूबा पाणबुड्यांचे जगप्रसिद्ध स्थळ. ईजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या पश्चिमेस, सुएझच्या आखाताच्या मुखाजवळील शाब अली या प्रवाळभित्तीलगत ते सुमारे ३० मी. खोल तळावर आहे. तेथे नौकेने जाण्याचे मुख्य ठाणे शर्म-अल-शेख हे होय.

सुमारे १२६ मी. लांबीचे हे जहाज इंग्लंडमधील संडरलंड येथे बांधले गेले व १९४० मध्ये पाण्यात उतरले. १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश सैन्याची रसद घेऊन ते ग्लासगोहून निघाले. भूमध्य समुद्र धोक्याचा असल्याने ते आफ्रिकेला वळसा घालून आले व सुएझकडे जाण्याची वाट पाहत शाब अलीजवळ नांगरून राहिले. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी पहाटेच्या अंधारात जर्मन हाइंकेल विमानाने त्यावर बाँब टाकले. दारूगोळ्याचा स्फोट होऊन जहाजाचा मागचा भाग तुटला व ते बुडाले. त्यात नऊ जण मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांना कार्लाइल या युद्धनौकेने उचलून घेतले.

जहाजाची नाळ व मधला भाग तळावर सरळ उभा असून तुटलेला मागचा भाग कलंडलेला आहे. कोठारांत बेडफर्ड ट्रक, बीएसए व नॉर्टन मोटारसायकली, रायफली आणि रबरी बूट अजून दिसतात. स्फोटाने उडालेली दोन रेल्वे इंजिने बाजूच्या वाळूत पडली आहेत.

सपाट वाळूच्या तळावर प्रवाळांना व माशांना आधार कमी. जहाजाच्या पोलादी सांगाड्याने तो पुरवला. कठड्यांवर मृदू प्रवाळ वाढले आहेत. कोठारांच्या अंधारात पारदर्शक काचमाशांचे थवे राहतात, तर विषारी काट्यांचे लायनफिश त्यांची शिकार करतात. हेकरू, बॅटफिश, बाराकुडा व कासवेही आढळतात.

फ्रेंच समुद्रसंशोधक झाक-ईव्ह कूस्तो यांनी १९५० च्या दशकात जहाजाचा शोध घेतला; १९९० च्या दशकापासून येथे पाणबुड्यांची रीघ लागली. प्रवाह जोरदार असल्याने ते बांधलेल्या दोराला धरून उतरतात. सहसा पहिल्या बुडीत बाहेरून फेरी होते व दुसऱ्या बुडीत कोठारे पाहतात.

नौका थेट सांगाड्याला बांधल्याने कठडे व पत्रे मोडले, आणि वस्तूही चोरीस गेल्या. हे जहाज मृतांचे स्मृतिस्थळही असल्याने तेथील काहीही न हलवणे व नौका वेगळ्या बोयांना बांधणे हाच त्याच्या जतनाचा मार्ग आहे.