डेटा एसएमएस: इनबॉक्समध्ये न दिसणारा मेसेज अ‍ॅपला कसा मिळतो?

यूपीआय अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना 'तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवला जाईल' असं लिहून येतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. म्हणजे अ‍ॅप आपल्या नंबरवरून एसएमएस पाठवू शकतं. अ‍ॅपला एसएमएस घेताही येतो, आणि त्यातला एक प्रकार इनबॉक्समध्ये दिसतच नाही. तो म्हणजे डेटा एसएमएस. मी अँड्रॉइड अ‍ॅप्स बनवतो, त्यामुळे हा प्रकार आतून कसा चालतो ते सोप्या भाषेत सांगतो.

साध्या एसएमएसपेक्षा वेगळं काय?
साध्या एसएमएसमध्ये अक्षरं असतात, डेटा एसएमएसमध्ये नुसते बाइट्स आणि सोबत एक पोर्ट नंबर. मोबाइल नंबर म्हणजे बिल्डिंगचा पत्ता, तर पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. मेसेज नेमका कोणत्या अ‍ॅपसाठी आहे हे पोर्टवरून कळतं. एमएमएस आल्याची सूचनाही फोनला अशीच, २९४८ या पोर्टवर मिळते.

जागा किती?
एका एसएमएसमध्ये १४० बाइट्स मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. मराठीत मात्र ७०च. 'नमस्कार' दिसायला चार अक्षरं, पण मोजताना सात, कारण हलन्त आणि काना वेगळे धरले जातात. डेटा एसएमएसमध्ये पोर्टच्या माहितीला ७ बाइट्स जातात, उरतात १३३.

एवढ्यात काय होणार? बरंच काही! अक्षांश ४ बाइट्स, रेखांश ४, वेळ ४ आणि बॅटरीची टक्केवारी १. फक्त १३ बाइट्समध्ये ट्रेकिंगला गेलेल्या मित्राचं लोकेशन कळतं, तेही इंटरनेट नसताना. फोनला टॉवरची रेंज मात्र हवी.

अ‍ॅपमध्ये कसं करतात?
१. पाठवायला एसएमएस मॅनेजरचं 'सेंड डेटा मेसेज' हे फंक्शन असतं. त्याला नंबर, पोर्ट आणि बाइट्स द्यायचे. मोठा डेटा ते आपोआप तोडत नाही, तुकडे आपणच करायचे.
२. घ्यायला ब्रॉडकास्ट रिसीव्हर लिहून त्यात तोच पोर्ट नोंदवायचा. १६००० ते १६९९९ हे पोर्ट अ‍ॅप्ससाठी ठेवलेले आहेत.
३. मेसेज क्रमाने पोहोचतील याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक मेसेजला अनुक्रमांक द्यावा.
४. आलेला डेटा तपासल्याशिवाय वापरू नये. पाठवणाऱ्याचा नंबर खोटा दाखवता येतो, आणि तोच पोर्ट दुसरं अ‍ॅपही ऐकू शकतं. त्यामुळे गुप्त माहिती असेल तर एन्क्रिप्ट करूनच पाठवा.

प्रत्येक डेटा एसएमएस हा एसएमएसच असतो. तो पॅकमधून कापला जातो, पॅक नसेल तर पैसे लागतात. थोड्या वेळात खूप मेसेज गेले तर अँड्रॉइड वापरणाऱ्याला विचारतं.

आता तुमच्या कामाचं
डेटा एसएमएस घेण्यासाठी वेगळी परवानगी नाही. 'एसएमएस'ची जी परवानगी लागते, तिच्यातूनच अ‍ॅपला बँकेचा ओटीपीही वाचता येतो! म्हणूनच २०१९ पासून गुगल प्ले स्टोअर ही परवानगी मोजक्याच कामांसाठी देतं. नुसता ओटीपी भरून घ्यायला एसएमएस रिट्रीव्हर नावाची सोय आहे, तिला ही परवानगी लागतच नाही. आयफोनमध्ये तर बाहेरच्या अ‍ॅपला एसएमएसचा इनबॉक्स उघडता येत नाही.

खरा धोका आहे व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलचा. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून अशी फाइल येते आणि इन्स्टॉल केल्यावर एसएमएसची परवानगी मागते. पत्रिका बघायला एसएमएस कशाला हवा? सरळ 'नाही' दाबा आणि अ‍ॅप काढून टाका.

आत्ताच सेटिंग्जमध्ये जा, परवानग्यांच्या यादीत 'एसएमएस' उघडा आणि कोणकोणती अ‍ॅप्स दिसतात ते बघा. ज्याचं कारण सांगता येत नाही, त्याची परवानगी बंद करा. आई-बाबांचा फोनही एकदा तपासा.