खरी कॉर्नरचा कॅमेरा

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. १ डिसेंबरला, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनादिनी, त्याचे पूजन होते. भाषणांत 'पहिला स्वदेशी कॅमेरा' हे शब्द हमखास येतात. मीही एकदा ते बोललो आहे. घरी परतताना मात्र मनात आले, तो कॅमेरा यंत्र म्हणून बरा होता की वाईट, हे आपण कधी विचारलेच नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या बाबूराव आणि आनंदराव पेंटर या चुलतभावांना तोच ध्यास लागला. दोघेही नाटकांचे पडदे रंगवणारे. १९१६ मध्ये आनंदराव गेले. विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन बाबूरावांनी खटपट चालू ठेवली आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. कंपनीला गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा पुरवला. त्यांचा उल्लेख भाषणांत व्हावा तितका होत नाही.

अशा यंत्रात नेमके अवघड काय, हे मला शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने समजावले. जुन्या मूक कॅमेऱ्याची आकृती त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "सर, पेटी कुणीबी करंल. ह्यो दाता बघा. ह्यो दर खेपंला त्याच जाग्यावर थांबला पायजे, तिथंच सगळी मेख हाय."

तो दाता फिल्मच्या कडेची भोके पकडून ती खाली ओढतो आणि सोडतो. तेवढ्या वेळात फिरती झडप उजेड अडवते. फिल्म थांबली की झडप उघडते आणि एक चित्र उमटते. एका फुटात १६ चित्रे, आणि मूकपटाच्या काळचा सर्वसाधारण वेग सेकंदाला १६. मूठ सेकंदाला दोनदा फिरवायची, दर फेऱ्याला आठ चित्रे. चित्राची रुंदी सुमारे एक इंच. ते पंधरा फुटी पडद्यावर टाकले तर जवळपास १८० पट मोठे होते. म्हणजे दात्याची मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची चूक पडद्यावर पाऊण इंच हलते. भीम आणि कीचकच काय, मागचा राजवाडाही थरथरेल.

बाबूरावांच्या कॅमेऱ्याचे मोजमाप आज आपल्यापुढे नाही, आणि त्याने टिपलेला 'सैरंध्री'ही उरलेला नाही. निवाडा करायचा तो परिणामावरून. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. गौरव उदारपणे होऊ शकतो, सेन्सॉर मात्र उदार नसतो. थरथरत्या चित्राला कोण घाबरेल? माझ्या लेखी या यंत्राला मिळालेले सर्वांत भक्कम प्रशस्तिपत्र तेच.

दोषही मांडायला हवेत. हाताने फिरवायच्या यंत्रात वेग माणसाच्या मनगटावर अवलंबून असतो. हात थकला की पडद्यावरची माणसे धावू लागतात. विलायती कॅमेऱ्याचा सुटा भाग निदान मागवता येई. इथे भाग मोडला तर तो पुन्हा घडवायचा. आणि 'स्वदेशी' म्हणताना थोडे जपून बोलावे, कारण कच्ची फिल्म सगळी परदेशी होती. ती आपल्या देशात तयार होऊ लागली १९६० च्या दशकात, उटकमंडला. हे मी एका सभेत सांगितले तेव्हा काही मंडळींना रुचले नाही.

पण भाग पुन्हा घडवावा लागणे हा दोष मानावा की गुण, याबद्दल माझे मत हळूहळू बदलले. विकत आणलेला कॅमेरा चालवायला शिकता येते. स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यात प्रत्येक स्क्रू कशासाठी आहे हे ठाऊक असते. दामल्यांनी हे शिक्षण कुठल्या शाळेत घेतले नव्हते. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. यातले पहिले चौघे बाबूरावांच्याच तालमीत तयार झालेले. गुरूची कंपनी सोडून शिष्य गेले, याची हळहळ आमच्या गावात अजून ऐकू येते.

लगेच बोलपट आला आणि हाताच्या मुठीचा कॅमेरा निकामी ठरला. आवाजाशी मेळ बसायला सेकंदाला २४ चित्रांचा अचूक वेग हवा, म्हणजे मोटर आली. शिवाय यंत्राची खरखर माइकमध्ये जाता कामा नये. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात तयार झाला तेव्हा खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याला तिथे काहीच काम नव्हते. प्रभातचा ध्वनिविभाग सांभाळत होते विष्णुपंत दामले.