फिरत्या कॅमेऱ्यापुढची माणसे

बदलीचा वा सेवानिवृत्तीचा प्रसंग आला की कचेरीच्या आवारात खुर्च्या मांडल्या जातात. साहेब मध्यभागी, मागे आम्ही कारकून, आणि अगदी कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर ठेवून, शिपाई. परप्रांती चाकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एक तसबीर असतेच. या मांडणीमागे केवळ मानपान नाही. भिंगाची मर्यादाही आहे. रांग लांबली की कॅमेरा मागे न्यावा लागतो व चेहरे बारीक होतात. रुंद भिंगाने जवळून टिपावे, तर कडेची माणसे ताणली जातात.

फेलिस बिआतो याने १८५८ साली लखनौची विस्तीर्ण दृश्ये घेतली, ती एकामागून एक काचा वापरून आणि त्यांचे ठसे शेजारी शेजारी जोडून. इमारती जागच्या हलत नाहीत म्हणून हे साधले. माणसांच्या घोळक्याला ही रीत कशी मानवावी? अमेरिकेत विल्यम जॉन्स्टन याने १९०४ साली ‘सर्कट’ कॅमेऱ्याचे पेटंट घेतले, तेव्हा निराळी वाट सापडली. या यंत्रात घड्याळासारखी चावी दिली की संपूर्ण कॅमेराच तिपाईवर फिरू लागतो, आणि आतील फिल्म एका अरुंद उभ्या फटीमागून उलट दिशेने सरकते. भिंगाप्रमाणे दंतचक्रे बदलावी लागतात. दोन्ही गती जुळल्या नाहीत तर चित्र फरकटते. फिल्मची रुंदी ५ ते १६ इंच आणि लांबी कित्येक फूट! ठसा त्याच मापाचा निघत असल्याने शेकडो सैनिकांच्या पलटणीतही प्रत्येकाचे नाकडोळे ओळखता येतात. टेक्सासमधील युजीन गोल्डबेक याने अशा पलटणी टिपण्यात उभे आयुष्य घालविले.

मात्र मंडळींना कमानीत बसवावे लागे. कॅमेरा त्या कमानीचा मध्यबिंदू. सर्वांचे अंतर सारखे, म्हणून चेहरेही सारखे. ठशात ही कमान सरळ रांग होऊन उलगडते, आणि मागची खरोखर सरळ असलेली इमारत मात्र मध्ये फुगून दोन्ही टोकांस उतरते. शिवाय कॅमेरा फिरायला काही क्षण लागतात. तेवढ्यात एखादा खोडकर विद्यार्थी मागून धावत दुसऱ्या टोकाला पोचला, की एकाच चित्रात दोनदा हजर! छायाचित्राला निर्विवाद पुरावा मानणाऱ्या इतिहासप्रेमींनी हे ध्यानी ठेवावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हा प्रयोग करून पाहिला. सर्कट कुठून मिळणार! एका स्नेह्याकडचा रशियन ‘होरायझन’ मागून आणला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या या कॅमेऱ्यात केवळ भिंग फिरते. कमानीचा नियम तोच. तिपाईला ४ मीटर दोरी बांधून हिरवळीवर चुन्याची रेघ ओढली. येथे अडचण निघाली ती भिंगाची नव्हे. कमानीत मधली खुर्ची मागे जाते आणि टोकाची माणसे पुढे येतात. साहेबांच्या पुढे कसे उभे राहावे, म्हणून दोन्हीकडचे शिपाई मुकाट्याने दोन-दोन पावले मागे सरकले, आणि पहिल्या ठशात लहान दिसले. दुसऱ्या खेपेस आम्ही प्रत्येकापर्यंत दोरी ताणून पाहिली. त्या महिन्यात निवृत्त होणारे वृद्ध शिपाई, ज्यांना सारी कचेरी चाचा म्हणते, डाव्या टोकाला साहेबांच्याच मापाचे उमटले.

तसबीर करावयास दिली, तर दुकानदाराने तयार चौकटीत मावेना म्हणून ठशाची दोन्ही टोके कापून टाकली. आम्ही दुसरा ठसा काढविला, लांब पुठ्ठ्यावर डकविला आणि चाचांच्या घरी नेऊन दिला.