कृषी विपणन पुरस्कार : प्रवेशिकेची तयारी, निकष आणि जबाबदारी

बियाणे, खते, पीक संरक्षण औषधे, सिंचन साधने, पशुखाद्य आणि शेती अवजारे या क्षेत्रांत विपणनाचे काम करणाऱ्या व्यावसायिकांसाठी उद्योग संघटनांतर्फे पुरस्कार स्पर्धा घेतल्या जातात. या स्पर्धांमध्ये उत्पादनापेक्षा ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याच्या कामाचे मूल्यमापन होते. जाहिरात, रेडिओ संदेश, प्रात्यक्षिक शेत, शेतकरी मेळावा, विक्रेत्यांचे प्रशिक्षण किंवा मोबाइलवरील सल्ला सेवा यांपैकी कोणत्याही कामाची प्रवेशिका सादर करता येते. मात्र काम उत्तम असूनही प्रवेशिका दुबळी राहिल्याने मागे पडलेल्या मोहिमा कमी नाहीत. म्हणूनच प्रवेशिका तयार करणे हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते.

परंपरा आणि स्वरूप

या क्षेत्रातील जुनी व परिचित स्पर्धा अमेरिकेतील आहे. १९५७ मध्ये शिकागो परिसरातील कृषी जाहिरात व्यावसायिकांच्या संघटनेतून पुढे नॅशनल अॅग्री-मार्केटिंग असोसिएशन ही संस्था आकाराला आली. तिचे ‘बेस्ट ऑफ नामा’ पुरस्कार कृषी संवादातील उत्कृष्ट कामासाठी दिले जातात. प्रवेशिकांचे परीक्षण आधी विभागीय पातळीवर होते आणि तेथे यशस्वी ठरलेले काम राष्ट्रीय फेरीत जाते. संस्थेच्या वार्षिक परिषदेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संघांचीही विपणन आराखड्यांची स्पर्धा होते.

भारतात रूरल मार्केटिंग असोसिएशन ऑफ इंडियाचे ‘फ्लेम’ पुरस्कार ग्रामीण विपणनासाठी दिले जातात. त्यांचा विषय शेतीपुरता मर्यादित नसला, तरी कृषी निविष्ठा कंपन्यांच्या कामाला तेथे स्वाभाविक स्थान आहे.

गटाची निवड

पहिला निर्णय गटाचा असतो. एकच मोहीम अनेक गटांत बसू शकते. परंतु प्रत्येक गटाचा प्रश्न वेगळा असतो. दृकश्राव्य गटात संदेशाची मांडणी पाहिली जाते, प्रत्यक्ष संपर्काच्या गटात शेतकऱ्याचा सहभाग, तर एकात्मिक मोहिमेच्या गटात विविध माध्यमांचा परस्परमेळ. एकच मजकूर सर्व गटांत जसाच्या तसा सादर केल्यास तो कोणत्याच प्रश्नाचे पूर्ण उत्तर देत नाही.

स्पर्धेचा पात्रता कालावधीही काळजीपूर्वक पाहावा लागतो. भारतात खरीप पेरण्यांचा मुख्य हंगाम जून-जुलैचा असतो. पण बियाण्यांची खरी विक्री हंगाम संपून विक्रेत्यांकडील शिल्लक माल परत आल्यानंतरच कळते. त्याआधीच मुदत संपत असेल, तर पुढील वर्षाच्या स्पर्धेची वाट पाहणे अधिक हिताचे ठरते.

प्रवेशिकेचा गाभा

चांगल्या प्रवेशिकेत चार गोष्टी क्रमाने येतात : अडचण, उद्दिष्ट, केलेले काम आणि परिणाम. अडचण नेमकी असावी. ‘शेतकऱ्यांत जागृती कमी होती’ या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. कोणते पीक, कोणता भाग, शेतकरी कोणती पद्धत वापरत होते आणि ती बदलण्यास ते का कचरत होते, हे सांगितल्यास पुढच्या प्रत्येक कृतीला आधार मिळतो. उद्दिष्ट मोहिमेपूर्वी ठरलेले व मोजता येणारे असावे. निकाल हाती आल्यावर त्याला साजेसे लिहिलेले उद्दिष्ट अनुभवी परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

सर्वाधिक कस लागतो तो परिणामांच्या मांडणीत. कंपनीच्या गोदामातून विक्रेत्याच्या दुकानात गेलेला माल आणि शेतकऱ्याने विकत घेतलेला माल यांत मोठे अंतर असू शकते. पहिला आकडा मोहिमेचे यश दाखवत नाही. परतीचा माल वजा केल्यानंतरचा आकडाच बोलका असतो. शिवाय पाऊस, किडीचा प्रादुर्भाव, बाजारभाव आणि प्रतिस्पर्ध्याकडील टंचाई यांमुळेही विक्री वाढते. त्यामुळे मोहीम राबविलेल्या तालुक्यांची तुलना तशाच हवामानाच्या व पीक पद्धतीच्या, पण मोहीम न झालेल्या तालुक्यांशी केल्यास दाव्याला वजन येते. मेळाव्यातील उपस्थिती हा केवळ पोहोच दाखविणारा आकडा आहे. त्यांपैकी किती शेतकऱ्यांनी शिफारस केलेली पद्धत प्रत्यक्षात वापरली आणि पुढील हंगामात किती जण पुन्हा वळले, हे अधिक महत्त्वाचे असते.

मजकूर प्रादेशिक भाषेत असल्यास आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. परीक्षक अन्य भाषक असू शकतात. शब्दशः भाषांतरात म्हणीची किंवा बोलीची धार हरवते. म्हणून तो शब्द त्या भागात काय सुचवितो आणि तोच का निवडला, याचे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण जोडावे.

कायद्याची चौकट

कृषी निविष्ठांच्या जाहिरातीवर अन्य ग्राहक वस्तूंपेक्षा कडक बंधने आहेत. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी आवश्यक असून, कोणत्या पिकावर व कोणत्या किडीसाठी ते वापरावे हे मंजूर लेबलवर नमूद असते. ‘सुरक्षित’ किंवा ‘बिनविषारी’ यांसारखी निराधार विधाने लेबलवर करण्यास कीटकनाशक नियम, १९७१ मनाई करतात. लेबल क्लेमच्या पलीकडे जाणारी मोहीम कितीही कल्पक असली, तरी ती स्पर्धेत उतरविणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा सादर करण्यासारखे आहे.

हा केवळ तांत्रिक मुद्दा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. संरक्षक साधने, फवारणीची वेळ आणि मिश्रणातील धोके यांची माहिती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणे किती गरजेचे आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. पीक संरक्षण मोहिमेच्या प्रवेशिकेत सुरक्षित वापराचा संदेश कसा व कोणाला दिला, याची नोंद म्हणूनच अनिवार्य मानली पाहिजे. फवारणी करणारा अनेकदा खरेदीदार नसून मजूर असतो, याचेही भान हवे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शेतकऱ्याची संमती

प्रवेशिकेत शेतकऱ्याचे छायाचित्र, नाव, गाव किंवा उत्पन्नाचा आकडा वापरायचा असल्यास त्याची स्पष्ट संमती घ्यावी. जाहिरातीसाठी दिलेली संमती स्पर्धेसाठी गृहीत धरू नये. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती मागे घेण्याचा अधिकार मान्य केला असून, संमतीविषयीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांतही उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. एका शेतातील विक्रमी उत्पादन हे सरासरी म्हणून मांडणेही टाळावे. जमीन, पाणी व वाण यांचा तपशील सोबत द्यावा.

पुरस्कारानंतर

प्रवेश शुल्क, चित्रफितीचा खर्च आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यांचा हिशेब आधीच मांडणे छोट्या कंपन्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांना विशेष आवश्यक असते. पुरस्कार मिळाल्यास जाहिरातीत त्याचा उल्लेख करताना संस्थेचे नाव, गट आणि वर्ष स्पष्ट द्यावे. संवादासाठी मिळालेला पुरस्कार उत्पादनाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नसतो. दुकानातील फलकावर तसा आभास निर्माण केल्यास फसतो तो हंगामापूर्वी उसनवारी करून पिशवी विकत घेणारा शेतकरी.

पुरस्कार न मिळाला, तरी या तयारीतून मोहिमेचा प्रामाणिक लेखाजोखा हाती राहतो. पुढील हंगामाचे नियोजन करताना त्याचा उपयोग सन्मानचिन्हापेक्षा कमी नसतो.